‘ऊस’ शोधला की ‘पाऊस’ येतो: मराठी संकेतस्थळाला सर्च जोडताना

प्रश्न थोडक्यात असा: शेतीविषयक मराठी संकेतस्थळ आहे, वर्डप्रेसवर, साध्या शेअर्ड होस्टिंगवर. साधारण चार हजार लेख. सर्च बॉक्स आहे, पण वाचक म्हणतात काही सापडत नाही. एका एजन्सीने इलॅस्टिकसर्च या मोठ्या सर्च इंजिनाचा वेगळा सर्व्हर घ्यायला सांगितलंय, एका मित्राने गूगलचा सर्च बॉक्स चिकटवायला. जुन्या छापील अंकांच्या पीडीएफही शोधात याव्यात अशी इच्छा आहे. यातलं काय करावं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. कुठलं इंजिन घ्यायचं हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. तुमची अडचण इंजिनाची नाही, शब्दांची आहे, आणि ती न सोडवता इलॅस्टिकसर्च बसवलंत तर तेच निकाल जास्त पैसे मोजून मिळतील. मराठी मजकूर इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठीच्या शब्दसूचीत, जाण्याआधी आणि वाचकाने टाइप केलेला शब्द शोधात जाण्याआधी, दोघांनाही एकाच फंक्शनमधून, म्हणजे प्रोग्रामच्या एकाच तुकड्यातून, काढायचं. हे फंक्शन म्हणजे तुमचा सर्च. बाकीचं आठवड्याभराचं सुतारकाम.

आधी रोग बघू. वर्डप्रेसचा मूळ सर्च डेटाबेसला एवढंच विचारतो की अक्षरांची ही माळ शीर्षकात, सारांशात किंवा मजकुरात कुठे आहे का. आता तुमच्याच साइटवर ‘ऊस’ टाकून बघा. मान्सून, अवकाळी, पाऊसमानाचा अंदाज असे लेख धडाधड येतील, कारण ‘पाऊस’ या शब्दाच्या पोटातच ऊस आहे. आणि ‘उसाच्या खोडव्याचे व्यवस्थापन’ हा नेमका हवा असलेला लेख येणार नाही, कारण प्रत्यय लागला की ऊसचा दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो. ‘तूर’ टाकली की लातूरच्या सगळ्या बातम्या. लातूरच्या बाजारात तूर येतेच, त्यामुळे ही गडबड लवकर लक्षातही येत नाही. ‘मका’ टाकला तर ज्या लेखात ‘नेमका’ हा शब्द आहे तो प्रत्येक लेख हजर.

मग पूर्ण शब्द जुळवणारा सर्च घ्यावा, तर दुसऱ्या टोकाची अडचण. इंग्रजीत विभक्तीचं काम करणारे शब्द सुटे लिहितात, आपण प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटवून लिहितो. उसाचा, उसाच्या, उसाला, उसाने, उसात, उसावर, उसासाठी, उसापासून, उसामध्ये, वर ‘उसालाही’ आणि ‘उसाचाच’. ऊस या विषयावरच्या अख्ख्या लेखात ‘ऊस’ हे मूळ रूप दोन-तीनदाच आलेलं असू शकतं. पूर्ण शब्द जुळवणाऱ्या इंजिनाला बाकीची रूपं म्हणजे वेगळेच शब्द वाटतात.

म्हणून फंक्शन. त्याचे टप्पे ज्या क्रमाने करायचे त्याच क्रमाने सांगतो, कारण क्रम चुकला की पुढचं सगळं चुकतं.

पहिला टप्पा एकाच दिसणाऱ्या अक्षरांना खरोखर एक करण्याचा. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द तुमच्या चार हजार लेखांत किमान दोन प्रकारे साठवलेला असेल. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे (युनिकोड ०९३१), दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, डेटाबेससाठी दोन शब्द. तिसरा प्रकार म्हणजे घाईत टाइप केलेलं ‘शेतकर्यांना’, रफार असलेलं. तिन्ही एका ठिकाणी आणायचे: न दिसणारे जॉइनर आणि नॉन-जॉइनर काढून टाका, ऱ चा र करा. ‘ॲ’चीही तीच कथा. ०९७२ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीचे लोक अ वर अर्धचंद्र देत, आणि काही कीबोर्ड अजूनही हिंदीचं ऍ देतात. ‘ॲप’, ‘ॲसिड’, ‘ॲझोला’ असे शब्द तिन्ही रूपांत सापडतील. इथे एक सावधगिरी. युनिकोडचं प्रमाण नॉर्मलायझेशन, म्हणजे एनएफसी, चालवाच, पण ते यातलं बहुतेक काही सोडवत नाही. नुक्त्याचा घोळ तेवढा निस्तरतं. ॲ ची तीन रूपं त्याच्या लेखी तीन वेगळी अक्षरं आहेत. ही बदलाबदल तुम्हालाच लिहावी लागते.

मग विसर्ग. आपल्याकडे निम्मे लोक ‘स्वतः’ लिहिताना विसर्गाऐवजी कीबोर्डवरचा कोलन मारतात. दिसायला फरक नाही, पण कोलन दिसला की बहुतेक टोकनायझर (मजकुराचे सुटे शब्द पाडणारा इंजिनाचा भाग) तिथे शब्द तोडतात आणि ‘दु:ख’चे ‘दु’ आणि ‘ख’ होतात. सोपा नियम: दोन्ही बाजूंना देवनागरी अक्षरं असतील तर कोलनचा विसर्ग करा, मग विसर्ग काढूनच टाका. पण शेतीच्या साइटवर कोलन आणखी एका ठिकाणी येतो. ‘१९:१९:१९’, ‘१२:६१:००’, ‘००:५२:३४’. ही विद्राव्य खतं आहेत आणि लोक ती रोज शोधतात. कोणी कोलन देतं, कोणी डॅश, कोणी स्पेस, कोणी मराठी अंक तर कोणी इंग्रजी. तेव्हा आधी सगळे अंक एका लिपीत आणा, मग आकड्यांच्या मधलं चिन्ह काहीही असो, तिन्ही आकडे जोडून एकच शब्द बनवा. उसाच्या वाणांचंही तसंच: ‘को ८६०३२’, ‘को-८६०३२’, ‘को८६०३२’ आणि नुसतं ‘८६०३२’. इथे मी दोन्ही इंडेक्स करतो, जोडलेला शब्द आणि नुसता आकडा.

दुसरा टप्पा शुद्धलेखनाचा, म्हणजे खरं तर शुद्धलेखन विसरण्याचा. ई चा इ, ऊ चा उ, मात्रांचंही तसंच. ‘विहीर’ आणि ‘विहिरीत’, ‘जमीन’ आणि ‘जमिनीचा’, ‘तूर’ आणि ‘तुरीचे’ हे सगळे एवढ्यानेच जवळ येतात, शिवाय ‘सुरू’ला ‘सुरु’ लिहिणाऱ्यांची सोय होते. दिन आणि दीन, सुत आणि सूत अशा जोड्या यात एकमेकींत मिसळतात हे मान्य, पण कीटकनाशक शोधणाऱ्याच्या वाटेत त्या येत नाहीत. अनुस्वाराचा नियम थोडा जपून लावा: त्याच वर्गातल्या पहिल्या चार व्यंजनांपैकी एखाद्याआधी आलेलं अनुनासिक असेल तरच त्याचा अनुस्वार करा, म्हणजे ‘पम्प’चा ‘पंप’ होईल पण ‘अन्न’ आणि ‘जन्म’ शाबूत राहतील.

ळ आणि ल, ण आणि न मात्र एक करू नका. कोणीतरी सुचवतंच, बोलीभाषेच्या नावाने. वेळ आणि वेल, काळ आणि काल, पाणी आणि पान एक झाले की शेतीच्या साइटवर हाहाकार होईल. ऐ चा ए आणि औ चा ओ करण्याचीही गरज नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण इलॅस्टिकसर्चमधलं तयार हिंदी नॉर्मलायझेशन हे करतं. ते आ चा अ करतं, ऐ चा ए करतं, हलन्तही काढून टाकतं. हिंदीसाठी ते कदाचित चालत असेल. एजन्सीवाले ‘देवनागरी आहे ना, हिंदी ॲनालायझर लावतो’ म्हणाले तर इथेच थांबवा. त्याचं प्रत्यय काढणंही हिंदीच्या प्रत्ययांचं आहे, ‘च्या’ आणि ‘साठी’ त्याच्या गावी नाहीत. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्येही हिंदी आहे, नेपाळी आहे, तमिळ आहे. मराठी नाही.

तिसरा टप्पा प्रत्यय काढण्याचा, आणि इथे वेळ घालवण्यासारखा आहे.

आधी शेवटचे ‘च’ आणि ‘ही’ काढा. मग विभक्ती प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं, लांबीने मोठी आधी (यादीतले ई-ऊ दुसऱ्या टप्प्याप्रमाणे ऱ्हस्व करून): पासून, पर्यंत, मध्ये, मधील, मधून, बद्दल, बरोबर, साठी, मुळे, वरील, कडे, च्या, चा, ची, चे, चं, ला, ना, ने, नी, शी, हून, वर, त. एकदा काढून झालं की पुन्हा एकदा फिरवा, कारण ‘उसाच्यासाठी’मध्ये दोन थर असतात. तिसऱ्यांदा फिरवू नका. त्यानंतर जे उरतं ते सामान्यरूप. त्याच्या शेवटी ्या, ्यां, ां, ा, ि, े, ु, ं यांतलं काही असेल तर तेही काढा.

आता हातानेच चालवून बघू. ‘कांद्याच्या’मधून ‘च्या’ गेलं, ‘कांद्या’ उरलं, ‘्या’ गेलं, ‘कांद’. इकडे वाचकाने टाइप केलेल्या ‘कांदा’चा शेवटचा आ गेला, ‘कांद’. जुळलं. ‘शेतकऱ्यांना’चं ‘शेतकर’, ‘शेतकरी’चंही ‘शेतकर’. ‘वांग्यावरील’ आणि ‘वांगी’ दोन्हींचं ‘वांग’. ‘उसाला’ आणि ‘ऊस’ दोन्हींचं ‘उस’. उरलेला तुकडा व्याकरणाला धरून नसला तरी बिघडत नाही, तो कोणाला दाखवायचा नाहीये. दोन्ही बाजूंनी एकच निघाला की काम झालं.

एक अट मात्र हवीच: प्रत्यय काढल्यावर किमान दोन मूळ अक्षरं उरली पाहिजेत, मात्रा न मोजता. नाहीतर ‘त’ हा प्रत्यय समजून ‘खत’चा ‘ख’, ‘भात’चा ‘भा’ आणि ‘शेत’चा ‘शे’ होईल. या अटीमुळे ‘शेत’ जागेवर राहतं आणि ‘शेतात’चं बरोबर ‘शेत’ होतं.

तरी काही शब्द फसतातच, आणि ते कुठल्या जातीचे हे माहीत असलेलं बरं. एक जात ‘अकोला’ची. त्यातलं ‘ला’ प्रत्यय नाही, पण फंक्शनला काय कळणार. ते ‘अको’ करून मोकळं होतं आणि ‘अकोल्यात’चं मात्र ‘अकोल’ निघतं. भाजीपाला, मसाला यांचंही तेच. यांच्यासाठी ‘हात लावू नका’ अशी छोटी यादी. दुसरी जात मधला स्वर गाळणाऱ्यांची: कापूस पण कापसाचा, लाकूड पण लाकडाचा, आणि नाशिक पण नाशकात. तिसरी जात पार रूप पालटणाऱ्यांची: पाऊस पण पावसाचा, गहू पण गव्हाचा. यांच्यासाठी नियम लिहिण्याचा मोह होतो. लिहू नका. मधला इ-उ गाळणारा सरसकट नियम लावला की चार नवे गोंधळ तयार होतात. त्यापेक्षा सरळ तक्ता करा: डावीकडे ‘कापस’, उजवीकडे ‘कापुस’, डावीकडे ‘गव्ह’, उजवीकडे ‘गह’. शेतीच्या साइटवर पिकं, किडी, रोग, जिल्हे आणि तालुके धरून हा तक्ता एका बैठकीत होतो. तुमच्याकडे कोणी जुना उपसंपादक असेल तर त्याच्याकडून करून घ्या, प्रोग्रामरकडून नको.

त्याच तक्त्यात पर्यायी शब्दही घाला. ठिबक आणि ड्रिप, फवारणी आणि स्प्रे, भुईमूग आणि शेंगदाणा. शेवटची जोडी एकतर्फी ठेवा: शेंगदाणा शोधणाऱ्याला भुईमूग दाखवा, भुईमुगाची लागवड शोधणाऱ्याला शेंगदाण्याची चटणी दाखवू नका. जोडून-तोडून लिहिले जाणारे शब्दही इथेच: बोंडअळी आणि बोंड अळी, ठिबकसिंचन आणि ठिबक सिंचन.

आता इंजिन. चार हजार लेख, सरासरी आठशे शब्दांचे धरले तर बत्तीस लाख शब्द. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तीन-तीन बाइट खाते, तरी सगळा मजकूर शंभर एमबीच्या आत बसतो. एवढ्यासाठी वेगळा सर्व्हर म्हणजे माशी मारायला तोफ. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमधलं मजकूर शोधायचं साधन, एफटीएस५, पुरेसं आहे. पीएचपीतून ते बहुतेक होस्टिंगवर चालतं. तुमच्याकडे चालू आहे का ते आधी तपासा. वर्डप्रेसच्या मायएसक्यूएल डेटाबेसचा फुलटेक्स्ट इंडेक्स जवळचा वाटेल, पण त्याच्या नेहमीच्या इनोडीबी प्रकारात तीनपेक्षा कमी अक्षरांचे शब्द मुळात इंडेक्सच होत नाहीत. ‘ऊस’ दोन अक्षरांचा. ही सेटिंग शेअर्ड होस्टिंगवर तुमच्या हातात नसते.

एफटीएस५ मध्ये एक खड्डा आहे, तो बघून चाला. त्याचा नेहमीचा टोकनायझर फक्त अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. देवनागरी मात्रा युनिकोडच्या वर्गवारीत ‘अक्षर’ नाहीत, ‘चिन्ह’ आहेत. त्यामुळे तो प्रत्येक मात्रेवर शब्द तोडतो. ‘पाणी’चे होतात ‘प’ आणि ‘ण’. ‘पुणे’चेही ‘प’ आणि ‘ण’. ‘पेण’चेही. म्हणजे पाणी शोधलं की पुणे आणि पेण दोन्ही हजर, कुठलीही एरर न येता. टेबल बनवताना टोकनायझरला ‘कॅटेगरीज’ हा पर्याय देऊन त्यात चिन्हांचे दोन वर्ग, एमएन आणि एमसी, जोडले की हे थांबतं. हा रोग एकट्या एसक्यूलाइटचा नाही. पायथनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ‘शब्दातलं अक्षर’ म्हणजे मात्रा सोडून, आणि जावास्क्रिप्टमध्ये तर फक्त इंग्रजी. लनर नावाची ब्राउझरमधली सर्च लायब्ररी शब्दाच्या दोन्ही टोकांची ‘बिगर-अक्षरं’ छाटते. देवनागरी शब्दात तिला सगळंच बिगर-अक्षर दिसतं आणि हाती रिकामा शब्द उरतो. कुठलंही साधन घ्या, पहिली चाचणी हीच करा: ‘पाणी’ टाका आणि पुणे येतं का बघा.

या कटकटीतून सुटायची एक युक्ती आहे. फंक्शनमधून निघालेला तुकडा इंडेक्समध्ये टाकण्याआधी ठरावीक नियमाने रोमन अक्षरांत बदलून टाकायचा, ट आणि त साठी वेगळी खूण ठेवून. मग कुठल्याही इंजिनाचा टोकनायझर बिघडवू शकत नाही. दिसायला ओबडधोबड, पण ज्यांना इंजिन निवडायचं स्वातंत्र्य नाही त्यांच्यासाठी नामी.

क्रमवारी लावताना शीर्षकाला मजकुराच्या कितीतरी पट वजन द्या. मी साधारण दहापटीने सुरुवात करतो आणि मग निकाल बघून कमी-जास्त करतो. एफटीएस५ चं बीएम२५ फंक्शन, म्हणजे लेख किती जुळतो याचे गुण देणारं सूत्र, ऋण आकडे देतं, म्हणजे जितका लहान तितका चांगला. उलटी क्रमवारी लावून ‘सर्च भिकार आहे’ म्हणणारे भेटलेत. शिवाय मूळ, न छाटलेला शब्द वेगळ्या रकान्यात ठेवा आणि त्यालाही थोडं वजन द्या, म्हणजे जसाच्या तसा जुळणारा लेख वर राहील.

पण काही शब्दांना वजनांनीही न्याय मिळत नाही. ‘आले’ घ्या. तुमच्या साइटवर आले हे पीक आहे, आणि ‘करण्यात आले’ प्रत्येक सरकारी बातमीत आहे. त्यात आला, आली, आल्या हे सगळे छाटून ‘आल’ होणार. ‘सुरू’चंही तेच. नेहमीच्या यादीत तो बिनकामाचा शब्द म्हणून टाकून देतील, पण तुमच्या वाचकासाठी आडसाली, पूर्वहंगामी आणि सुरू हे उसाचे तीन हंगाम आहेत. म्हणून एक, बिनकामाच्या शब्दांची तयार यादी लावूच नका. ‘आणि’, ‘आहे’ यांचं वजन बीएम२५ आपोआप कमी करतं. दोन, प्रत्येक लेखाला पिकाचं नाव हा वेगळा रकाना द्या, संपादकाने भरायचा. वाचकाने टाइप केलेला शब्द पिकांच्या यादीत असेल तर आधी त्या रकान्यात शोधा आणि मगच मजकुरात. शंभरेक पिकांची यादी, एवढ्यावर निम्मे शोध सुधारतात.

इंग्रजी कीबोर्डवरून शोधणाऱ्यांचं काय? ते भरपूर असतात, आणि कांदा कोणी एका ‘ए’ने लिहितं, कोणी दोन. लागवडमध्ये कोणी ‘व्ही’ घालतं, कोणी ‘डब्ल्यू’. यांच्यासाठी आणखी एक वेगळा रकाना करा, नुसत्या व्यंजनांचा सांगाडा. पहिलं अक्षर स्वर असेल तर तो ठेवायचा, बाकी सगळे स्वर गाळायचे, महाप्राणाचा ‘एच’ गाळायचा, दोनदा आलेलं अक्षर एकेरी करायचं. मराठी शब्दाचाही तसाच सांगाडा काढून ठेवायचा. यात कांदा आणि खांदा एक होतात, ण-न आणि ळ-ल एक होतात, म्हणून हा रकाना फक्त रोमन प्रश्नासाठी आणि बाकीच्या रकान्यांत काही न मिळालं तरच उघडायचा. सोयाबीनसारखे इंग्रजी स्पेलिंगने लिहिले जाणारे शब्द तक्त्यात घाला. तयार इंजिनांच्या ‘चूक झाली तरी ओळखतो’ या जाहिरातीवर मात्र विसंबू नका. एका अक्षराची चूक माफ केली की पाणी, पाटी आणि पाळी एकाच रांगेत बसतात. मराठीत ते सगळे बरोबरच शब्द आहेत.

दाखवण्याबद्दल दोनच गोष्टी. जुळलेला शब्द रंगवताना इंजिनाचं तयार हायलाइट वापरू नका. इंडेक्समध्ये छाटलेले तुकडे आहेत, वाचकाला ‘उस’ आणि ‘कांद’ दिसेल. मूळ मजकुरातला प्रत्येक शब्द त्याच फंक्शनमधून काढा, प्रश्नाच्या तुकड्याशी जुळला तर पूर्ण शब्दाला रंग द्या. अर्ध्या शब्दाला रंग दिला की काही ब्राउझरमध्ये जोडाक्षर फुटतं आणि वेलांटी भलतीकडे जाते. आणि उतारा कापताना अक्षरं मोजून कापू नका, स्पेसवर कापा.

वाचकाचा शब्द जसाच्या तसा एफटीएस५ ला देऊ नका हेही सांगायला हवं. त्यात कोलनला ‘अमुक रकान्यात शोध’ असा अर्थ आहे, त्यामुळे ‘१९:१९:१९’ टाकणाऱ्याला एरर मिळेल. प्रत्येक शब्द दुहेरी अवतरणात गुंडाळून द्या.

पहिल्या दिवसापासून शोधांची नोंद ठेवा: शब्द, तारीख, किती निकाल आले. आयपी पत्ता किंवा नाव-गाव नको, त्याची गरजही नाही. दर सोमवारी शून्य निकालांची यादी उघडायची आणि प्रत्येक शब्दापुढे ठरवायचं: तक्त्यात जोड द्यायची, की खरोखरच लेख नाही म्हणून संपादकाकडे पाठवायचं. माझ्या अनुभवात पहिल्या दोन-तीन महिन्यांत तक्ता दुप्पट होतो आणि मग वाढ थांबते. ‘कपाशीची पानं लाल पडतात’ असे वाक्यभर प्रश्न त्यात बरेच दिसू लागले, तर अर्थावरून शोधणाऱ्या व्हेक्टर सर्चचा विचार करा, पण या सर्चच्या जोडीला. वाणाचा नंबर आणि खताची ग्रेड त्याला नीट सापडत नाही.

गूगलचा बॉक्स? हे सगळं होईपर्यंत तात्पुरता लावायला हरकत नाही. मराठीची रूपं गूगल बऱ्यापैकी ओळखतो. पण फुकटच्या बॉक्समध्ये जाहिराती येतात, आणि फवारणीचा सल्ला देणाऱ्या साइटवर निकालांच्या वर कुठल्याशा औषधाची जाहिरात दिसली की वाचक ती तुमचीच शिफारस समजतो. नवा लेख कधी सापडायला लागेल हे गूगल ठरवणार, आणि शून्य निकालांची ती सोमवारची यादी तुमच्या हातात येणार नाही. इलॅस्टिकसर्च तेव्हा घ्या, जेव्हा लेख लाखांत जातील किंवा बाजारभावासारखी रोज बदलणारी माहिती पीक, बाजार समिती, तारीख अशा चाळण्या लावून दाखवायची असेल. तेव्हाही हेच फंक्शन आधी चालवायचं आणि त्याचं आयसीयू नावाचं, युनिकोड नीट समजणारं टोकनायझर वापरायचं.

राहिल्या पीडीएफ. एक उघडा, चार ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. मराठी दिसलं तर नशीब. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसली तर तो अंक श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये लावलेला आहे. त्यात युनिकोड मजकूर नाहीच, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं आहेत. मूळ पानं पेजमेकरमध्ये जपलेली असतील तर फाँट कन्व्हर्टरने रूपांतर करा, ते ओसीआरपेक्षा, म्हणजे पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखण्यापेक्षा, शुद्ध येतं. नसतील तर टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रामला मराठीचं मॉडेल आहे, त्याने ओसीआर करा. दोन स्तंभांची पानं आधी उभी कापून घ्या, नाहीतर डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला जोडली जाते. १९६२ च्या लेखननियमांआधीचे अंक असतील तर ‘कांहीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार भरपूर सापडतील. त्या अंकांपुरता अनुस्वार काढलेलं दुसरं रूपही इंडेक्स करा. ओसीआरचा मजकूर लेखांमध्ये मिसळू नका. निकालांच्या खाली ‘जुन्या अंकांतून’ असा वेगळा भाग करा, एका पानाची एक नोंद ठेवा, आणि दुव्याच्या शेवटी पान क्रमांक द्या, म्हणजे ब्राउझरमध्ये अंक थेट त्याच पानावर उघडेल.